सत्तर सेंटची शिल्लक

मी बी. कॉम. आहे. मला कळणारा ताल एकच, ताळेबंदाचा. त्यामुळे मेव्हण्याने अमेरिकेहून येताना दहा सीडींचा एक ठोकळा माझ्या हातात ठेवला, तेव्हा मी तो आधी उलटा करून किंमत शोधली. बाकी सगळ्यांना चॉकलेटं. मला बिली हॉलिडे. 'हॉलिडे' वाचून बँकेतल्या माणसाला होतो तेवढा आनंद मलाही झाला, पण ते एका जॅझ गायिकेचं आडनाव निघालं.

१९३३ ते १९४४ मधली तिची २३० मुद्रणं कोलंबिया कंपनीने २००१ साली एकत्र केली, तो हा ठोकळा. पहिल्या रात्री दोन गाणी झाल्यावर स्वयंपाकघरातून विचारणा आली, "अहो, ही बाई गाणार कधी?"

तक्रार रास्त होती. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. त्यात आधी पियानोवाला, मग क्लॅरिनेटवाला आपापलं काउंटर उघडून बसणार. बाई मध्येच येऊन एक आवर्तन गाऊन जाणार. आवाजाचा पल्ला सप्तक-सव्वा सप्तकाचा. पण शब्द तालाच्या किंचित मागून येतात. प्रत्येक कचेरीत एक असा असामी असतो, की जो रोज उशिरा येतो आणि ज्याला लेट मार्क मात्र कधी लागत नाही. तसं तिचं गाणं! लेस्टर यंग हा सॅक्सोफोनवाला तिच्यामागे असा काही वाजवतो, की दोघांचं जॉइंट अकाउंट असावं. 'लेडी डे' हे नाव त्यानेच तिला दिलं.

मग सवयीप्रमाणे मी हिशेब तपासायला बसलो, आणि तिथे माझं हसू संपलं.

बाईचा जन्म १९१५ चा, बालपण बाल्टिमोरमध्ये गरिबीत गेलेलं. अठराव्या वर्षी बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर पहिली तबकडी. त्या सुरुवातीच्या तबकड्यांचे पैसे एकदाच, रोख. रॉयल्टी नाही. म्हणजे मुद्दल कंपनीचं आणि व्याजही कंपनीचंच!

१९३९ साली तिने 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणं गायलं. दक्षिणेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत, त्यावर एबल मिरोपोल नावाच्या शाळामास्तरांनी ते लिहिलं होतं. कोलंबिया ते मुद्रित करायला धजली नाही. कमोडोर नावाच्या एका छोट्या कंपनीने ते केलं. त्यामुळे वेष्टनावर 'संपूर्ण' असं छापलेल्या या ठोकळ्यात ते गाणंच नाही. वह्या चोख, पण सगळ्यात मोठी एंट्री दुसऱ्याच्या खात्यात.

१९४७ साली अमली पदार्थांपायी तुरुंग झाला. सुटून आली, तर न्यूयॉर्कात जिथे दारू मिळते तिथे गायचा परवाना रद्द. कार्नेगी हॉलला तो लागत नसे. १९४८ साली तिने ते गच्च भरवलं. म्हणजे नामांकित सभागृहात गायला बाई लायक, कोपऱ्यावरच्या क्लबात नालायक. असले नियम फक्त आमच्याच सर्क्युलरांत असतात, असा माझा समज होता.

१७ जुलै १९५९ ला ती इस्पितळात गेली. तिथे खाटेवरच तिला अटक झाली होती. वय ४४. बँकेतली शिल्लक ७० सेंट, आणि ७५० डॉलर अंगावर लपवलेले.

कनवटीला नोटा बांधून येणाऱ्या म्हाताऱ्या मी रोज पाहतो. "आजी, पैसे बँकेतच सुरक्षित असतात," असं त्यांना तोंडपाठ सांगतो. या बाईला सांगायला माझी जीभ रेटली नसती.

ठोकळ्याला २००२ साली ग्रॅमी पारितोषिक मिळालं. तोवर खातेदार जाऊन ४२ वर्षं उलटली होती.

मीही यंदा ४४ चा. माझी शिल्लक ७० सेंटपेक्षा बरी आहे; पण वीस वर्षं लिहिलेल्या माझ्या लेजरांतली एक ओळही कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. हल्ली रात्री पियानो सुरू झाला, की स्वयंपाकघरातली भांडी आपोआप थांबतात.

"आली का हो?"

"थांब. येईल. तिला लेट मार्क नाही."