चिठ्ठी अडविणारा रेणू

जठराच्या कर्करोगाचा इतिहास शस्त्रक्रियेपासून सांगण्याची रीत आहे. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात बिल्रोथ यांनी थेरेसा हेलर या बाईंच्या जठराचा रोगट भाग कापून काढला. बाई वाचल्या, जेवू लागल्या, आणि चारच महिन्यांनी गेल्या. गाठ काढली होती. रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. तो पसरतो कसा, हा प्रश्न सुरीच्या आवाक्यातला नव्हता. उत्तराचा एक धागा शंभरांहून अधिक वर्षांनी सापडला, तोही एका किड्यात.

हा किडा मिलिमीटरभर लांबीचा. अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी त्याच्या वाढीतला बिघाड तपासताना १९९३ साली दाखविले, की 'लिन-४' या जनुकापासून प्रथिन बनतच नाही. बनतो तो अवघ्या २२ दुव्यांचा आरएनएचा तुकडा. आम्हा गिरणीतल्या माणसांना हे असे उमगते: पेशीतला डीएनए ही कचेरी. प्रथिन बनविण्याचा हुकूम तेथून चिठ्ठीवर, म्हणजे निरोप्या आरएनएवर, खात्यात येतो. हा तुकडा चिठ्ठीला चिकटून बसतो. हुकूम शाबूत, पण माल निघत नाही! संपाची इतकी बारीक तऱ्हा आम्ही तीस वर्षांच्या चळवळीत पाहिली नव्हती.

विद्वानांनी ही किड्याची लहर समजून फारशी दखल घेतली नाही. २००० साली रव्हकुन यांच्याकडे 'लेट-७' सापडला, तो माणसातही निघाला, तेव्हा धावपळ उडाली. २०२४ साली दोघांना नोबेल मिळाले. येथे एक गोष्ट आम्ही गाळणार नाही. अँब्रोस यांच्या १९९३ च्या निबंधावर पहिले नाव रोझलिंड ली यांचे आहे. त्या त्यांच्या पत्नी व सहकारी. नोबेल तिघांत वाटता येते, ते दोघांतच वाटले गेले. हजेरीपटावरचे नाव पगारपत्रकावर नसावे, हे आम्हास कधी पटलेले नाही.

आता जठराकडे. तेथे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षे दाह धुमसत ठेवतो. १९९४ साली तो कर्करोगाचे कारण म्हणून अधिकृतपणे नोंदला गेला. जठराच्या गाठींत 'मिर-२१' हा तुकडा वाढलेला आढळतो. तो अडवितो त्या चिठ्ठ्यांत 'पीटेन' व 'रेक' यांच्या चिठ्ठ्या आहेत. पीटेन वाढीला लगाम घालते. रेक पेशींभोवतीची जाळी विरघळविणाऱ्या विकरांना आवरते. लगाम सुटला की गाठ फोफावते, जाळी तुटली की पेशी परगावी निघतात. सगळेच तुकडे असे घातकी नव्हेत. लेट-७ वाढीच्याच चिठ्ठ्या अडवितो.

अशा आवर घालणाऱ्या 'मिर-३४' चे औषध करून पाहिले गेले. प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटली, रुग्ण दगावले, २०१६ साली प्रयोग थांबला. सिंगापुरात मात्र २०१९ साली रक्तातील १२ मायक्रो-आरएनए मोजून या रोगाचा संशय हेरणाऱ्या चाचणीस मान्यता मिळाली. संशय आला तर दुर्बीण घालावीच लागते. तरी नळी गिळण्याच्या भीतीने आणि बुडणाऱ्या रोजापायी तपासणी टाळणारा कामगार रक्त द्यायला येईल, असे आम्हास वाटते. चाचणीचे पैसे कोणी भरावयाचे, तेवढे आधी ठरले पाहिजे.