टेलिफोन आला आणि काहीजण मागे राहिले

आजची गोष्ट टेलिफोनची. आणि ज्यांना तो जवळपास नव्वद वर्षं वापरताच आला नाही, त्यांची.

अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेतलं, हे आपण शाळेत घोकलंय. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की बेलच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. बायको मेबल लहानपणीच तापाने कर्णबधिर झाली होती. आणि बेल स्वतः कर्णबधिर मुलांना शिकवायचा. त्याच्याच हातून असं यंत्र जन्माला आलं, जे घरातल्या या दोघींच्या काही कामाचं नव्हतं.

फोन नव्हता तेव्हा निरोप द्यायचा तर पत्र लिहा, नाहीतर स्वतः जा. ऐकू येवो न येवो, सगळ्यांना नियम एकच. मग फोन घरोघरी पोचला. डॉक्टरची वेळ, नोकरीची चौकशी, आगीची वर्दी, सगळं फोनवर गेलं. कान होते तसेच राहिले, अडचण मात्र वाढली. अपंगत्व फक्त शरीरात नसतं, आजूबाजूच्या यंत्रांतही असतं, ते असं.

आता येऊ १९६४ वर. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. जन्मापासून कर्णबधिर, पण हॅम रेडिओचा पक्का नादी. त्याच्यासोबत दातांचे डॉक्टर जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स. तिघंही कर्णबधिर. त्यांना टेलिप्रिंटर फोनला जोडायचा होता, म्हणजे इकडे टाइप केलं की तिकडे छापून येईल.

अडचण काय, तर एटी अँड टी कंपनीचा नियम: आमच्या लाइनला बाहेरचं यंत्र जोडायचं नाही. वाइटब्रेख्तने वायरला हातच लावला नाही! फोनचा रिसीव्हर एका खोबणीत ठेवायचा. टाइप केलेल्या प्रत्येक अक्षराचे पाच बिट. बिट १ असेल तर १४०० हर्ट्झचा सूर, ० असेल तर १८०० हर्ट्झचा. फोनला वाटायचं कुणीतरी बोलतंय, पलीकडचं यंत्र ते सूर ऐकून अक्षरं छापायचं. डेव्हलपर मंडळींनी ओळखलं असेलच, हा मोडेम आहे. पुढे घरून मोठ्या कंप्युटरला जोडणारे लोकही रिसीव्हर असाच खोबणीत ठेवायचे.

पण शोध लागला म्हणजे काम झालं असं नसतं. टेलिप्रिंटर महाग आणि अवजड. कंपनी जुनी यंत्रं भंगारात काढायची. ती कर्णबधिरांना द्यावीत यासाठी पाठपुरावा झाला आणि १९६८ मध्ये कंपनी तयार झाली. मग कर्णबधिर स्वयंसेवकांनीच ती यंत्रं आणली, दुरुस्त केली, एकेका घरात बसवली. बोलण्याची रीतही त्यांनीच ठरवली: माझं टाइप करून झालं की शेवटी ‘जीए’, म्हणजे ‘आता तू बोल’.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्यांची अडचण होती तेच इंजिनियर होते. कुणी उपकार म्हणून काही बनवून दिलं नाही.

आज आपल्याकडे मेसेज आहे, व्हिडिओ कॉल आहे, त्यावर खुणांच्या भाषेत गप्पाही होतात. मग प्रश्न सुटला? माझ्या टीममधल्या एका टेस्टरला ऐकू येत नाही. कोड तो आमच्यापेक्षा बारकाईने तपासतो. पण कुरिअरवाल्याचा फोन आला की मोबाइल शेजारच्याच्या हातात द्यावा लागतो. एका ॲपने तर खातं सुरू करायला ‘आम्ही कॉल करू’ एवढा एकच पर्याय ठेवला होता. १८७६ ची चूक आपण २०० एमबीच्या ॲपमध्ये पुन्हा करतोय.

तुमच्यापैकी जे ॲप बनवतात, त्यांनी कॉलच्या बटणाशेजारी मेसेजचंही बटण ठेवा. आणि जे हा एपिसोड ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठीच तर आपण प्रत्येक भाग लिहून काढतो. भेटू पुढच्या भागात. जीए!