कुरणशाळा : कोसबाड येथील एक प्रयोग
१९०२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम यांनी शाळकरी मुलांचे कृषिमंडळ काढले. शेतीची नवी रीत मुलांच्या हातून रुजावी, हा त्यामागील हेतू. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर प्रश्न निराळा होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथील कित्येक वारली मुले दिवसभर गुरांमागे रानात असत. शेतीशी त्यांचा परिचय करून द्यावयाचा नव्हताच. उणीव होती ती अक्षरांची. म्हणून शाळाच कुरणात गेली. यात बालश्रमास मूक संमती होती, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हे. परंतु गुरे सोडून येण्याची अट घालणाऱ्या शाळेत ही मुले आलीच नसती. गुरे राखणे हा घरच्या उपजीविकेचाच भाग होता.