रखमाबाई तेव्हा चूक होत्या का?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीखाली संध्याकाळी चार-पाच निवृत्त माणसं बसतात. मी त्यांतलाच एक. एकदा जुन्या काळच्या बालविवाहांवरून विषय निघाला. एक शेजारी म्हणाले, "अहो, नीती म्हणजे समाज ठरवील ती. तेव्हाचं तेव्हा बरोबर, आताचं आता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी जिना चढताना मात्र मला रखमाबाई आठवल्या.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या कधी सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो १८८५ मध्ये फेटाळला, पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये निकाल उलटला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, मी कैद पत्करीन. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

आता बघा. नीती समाज ठरवत असेल, तर १८८७ मध्ये रखमाबाई चूक होत्या, कारण कायदा आणि बहुतेक लोक त्यांच्या विरुद्ध होते. मग आपण त्यांना आज बरोबर म्हणतो, ते कशाच्या आधारावर? त्या तर बदलल्या नाहीत! या हिशेबाने प्रत्येक सुधारक त्याच्या काळात चूकच ठरेल.

बरोबर-चूक हे लोकमतावर अवलंबून नाही, या भूमिकेला तत्त्वज्ञ नैतिक वास्तववाद म्हणतात. ऑस्ट्रेलियात जन्मलेले तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९७७ मध्ये तिच्यावर दोन आक्षेप घेतले. माणसांत नीतीबद्दल इतके मतभेद का? आणि हे 'नैतिक सत्य' असतंच, तर जगातल्या इतर वस्तूंहून इतकं निराळं असं ते असतं तरी कुठे?

पहिल्या आक्षेपाचं उत्तर आपल्या इतिहासात थोडंफार सापडतं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरुद्ध. पण मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, सुधारकांनी हे आधी स्वतः पाळावं, असा प्रस्ताव १८९० मध्ये टिळकांनीच मांडला होता. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप. म्हणजे भांडणाचा मोठा भाग 'अधिकार कोणाचा' यावर होता. वरून दिसतो तेवढा मतभेद मुळात नेहमीच नसतो.

दुसरा आक्षेप अवघड आहे. आगरकरांना देवाचा आधार घेता येत नव्हता. धर्म बाजूला ठेवूनही नीती टिकते, असं ते मानत. मग तिचा पाया कोणता? माणसाचं सुखदुःख, हे त्यांचं उत्तर.

माझी नोकरी टूलरूममध्ये गेली. दोघांची मापं जुळली नाहीत, म्हणून जॉबला मापच नाही असं आम्ही कधी म्हटलं नाही. पुन्हा मोजायचो, जास्त बारीक मोजायचो. कायद्यातलं मुलीच्या लग्नाचं वयही १९२९ मध्ये चौदा आणि १९७८ मध्ये अठरा झालं. मला वाटतं, मुलीची इजा तीच होती, आपली नजर सुधारली. तुम्ही म्हणाल, जॉब हातात धरता येतो, न्याय कुठे धरणार? खरं आहे. तिथे मॅकींचा प्रश्न उरतोच, आणि तत्त्वज्ञांचा वादही अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांना एवढंच विचारलं, "समाज ठरवतो म्हणता, तर त्या अकरा वर्षांच्या मुलीला त्या समाजात धरलं होतं का?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला कोणी विचारलंच नव्हतं."