मोठा आकडा आणि तापलेला डबा

परवा माझ्या मेहुण्यांचा अमरावतीहून फोन आला. "भाऊजी, नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, सगळ्यांत मोठ्या आकड्याचा प्रोसेसर घ्या, दहा वर्षं बघायला नको. घेऊ का?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो." त्या उद्याला आज चार दिवस झाले. इतिहासाच्या मास्तरला प्रश्न विचारला की तो आधी मागे जाणार, मग उत्तराकडे येणार. (हसू नका, सवय आहे.) शिवाय या प्रश्नाशी माझं एक जुनं दुखणं जोडलेलं आहे. म्हणून सगळं इथेच लिहून काढतो.

कॉम्प्युटर आणि उष्णता यांचं भांडण जन्मापासूनचं. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हे यंत्र जगापुढे आलं. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि ते १५० किलोवॅट वीज खायचं. म्हणजे हजार वॅटच्या दीडशे इस्त्र्या एका दालनात चालू ठेवण्यासारखं! पुढे ट्रान्झिस्टर आले आणि १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा प्रोसेसर काढला. नखाएवढ्या जागेत २३०० ट्रान्झिस्टर. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या प्रोसेसरवर तर पंखा सोडाच, साधी धातूची पट्टीही नव्हती. तो तापायचा, पण अंगभर कोमट, इतकाच.

१९९३ साली पेंटियम आला. त्याच्या विकासाचं नेतृत्व करणाऱ्यांत विनोद धाम होते. त्यांचा जन्म १९५० सालचा, पुण्यातला. म्हणजे माझ्याच वयाचे. मी वर्गात पानिपत शिकवत होतो तेव्हा ते तिकडे हे करत होते. असो. पेंटियममध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि आता पात्या-पात्यांचा धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा लागू लागला. हे तंत्र आपल्याला नवीन नाही. गरम चहा आपण बशीत ओततो, कारण पसरला की लवकर निवतो, आणि वरून फुंकर घालतो. ठोकळा म्हणजे बशी, पंखा म्हणजे फुंकर.

'भरवशाचा' या शब्दाचा धडाही पेंटियमनेच दिला. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाला दिसलं की काही विशिष्ट भागाकार हा प्रोसेसर चुकीचे करतो. कंपनी आधी म्हणाली, ज्यांना खरंच गरज आहे त्यांनाच बदलून देऊ. ओरड झाल्यावर मागेल त्याला बदलून द्यावा लागला आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

मग सुरू झाली आकड्यांची शर्यत. मार्च २००० मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, इंटेल दोन दिवसांनी. त्याच वर्षी पेंटियम-४ आला आणि दीडाचे दोन, दोनाचे तीन गिगाहर्ट्झ झाले. गिऱ्हाईक फक्त आकडा विचारायचं. आम्ही मास्तर लोक पोराची हुशारी मार्कांवरून ठरवायचो, तसंच.

पण निसर्गाचा हिशेब वेगळा असतो. वेग दुप्पट केला की उष्णता साधारण दुप्पट होते. मात्र तो वेग गाठायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि ते दुप्पट झालं तर उष्णता चौपट! तोवर ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही कमी करता यायचं, म्हणून निभावलं. ही वाट आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्येच मांडून ठेवली होती. २००४ च्या सुमारास ती संपली. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली, बंद नळ ठिबकावा तशी. पेंटियम-४ चा ३.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ११५ वॅटवर पोचला. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने जाहीर केलेला चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर रद्द केला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून, गमतीत का होईना, माफी मागितली.

नेमक्या त्या दिवसांत, म्हणजे २००५ साली, मी अकोल्यात पहिला कॉम्प्युटर घेतला. दुकानातला सगळ्यांत मोठ्या आकड्याचा. डबा टेबलाखालच्या कप्प्यात बसवला, कप्प्याचं दार लावलं. धूळ बसू नये म्हणून सौभाग्यवतींनी वर विणलेलं झाकण घातलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. माणसांसाठी वाळ्याचा कूलर लावला होता, डबा मात्र दाराआड झाकणाखाली.

२००६ च्या मे मध्ये आई माझ्याकडे होती. ती खाटेवर बसून जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि मी टाइप करायचो. अर्धा तास झाला की कॉम्प्युटर पटकन बंद व्हायचा. मी लोडशेडिंगला शिव्या घालायचो, पण डोक्यावरचा पंखा तर फिरतच असायचा! हे माझ्या लक्षातच आलं नाही. एके दुपारी फाईल साठवतानाच तो बंद पडला. पुन्हा उघडली तर पानभर चौकोन. शंभराच्या वर ओव्या गेल्या, दुसरी प्रत नव्हती. आई म्हणाली, "दिवाळीत येते, तेव्हा पुन्हा सांगीन." दिवाळीच्या आधीच ती गेली.

नंतर दुरुस्तीवाल्या पोराने डबा उघडला. पंख्याखालच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसली होती. तो म्हणाला, "सर, हा आजारी नाही, गुदमरलाय. जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो." दोष यंत्राचा नव्हता.

त्याच २००६ च्या जुलैत इंटेलचा कोअर-२ ड्युओ आला. आकडा लहान, त्यातले बरेचसे ६५ वॅटचे, आणि काम जुन्यापेक्षा जास्त. त्याचं मूळ लॅपटॉपसाठी वीज वाचवणाऱ्या प्रोसेसरमध्ये होतं. शहाणपण थंड डोक्याकडून आलं म्हणायचं. तरी धडा कायमचा पटलाय असं नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही वेगवान प्रोसेसर बिघडू लागले. कारण निघालं प्रमाणाबाहेर व्होल्टेज. कंपनीने सुधारणा दिली, हमी दोन वर्षं वाढवली, पण आधीच बिघडलेले त्याने बरे होत नाहीत.

तर मेहुणे, आता तुमचं उत्तर. इंटेल की एएमडी या वादात पडू नका. बँकेची कामं, फोटो आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं यासाठी ६५ वॅटच्या आसपासचा मधला प्रोसेसर भरपूर झाला. बाजारात वर्षभर टिकलेला घ्या, अगदी ताजा नको. डबा कप्प्यात कोंडू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. कूलरची ओली हवा थेट त्यावर नको. वर्षातून दोनदा, त्यातली एक खेप उन्हाळ्याआधी, वीज काढून धूळ साफ करून घ्या. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवायचा, वाऱ्याने गरगरू द्यायचा नाही. दोन-चार वर्षांनी ठोकळ्याखालची पेस्ट बदलायची. आणि लक्षात ठेवा, पंखा म्हणजे फ्रिज नव्हे. खोलीत ४५ अंश असतील तर प्रोसेसर त्याखाली जाणारच नाही. भर दुपारी त्याला विश्रांती द्या, तुम्हीही घ्या.

आईच्या ३१ ओव्या माझ्या जुन्या वहीत पेन्सिलीने लिहिलेल्या सापडल्या. त्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. मावश्या-आत्या, मामेबहिणी, कुणाला तिच्या आणखी आठवत असतील तर फोनवर म्हणून दाखवा. मी लगेच लिहून घेईन, आधी वहीत.