हिवताप नियंत्रण: अभ्यासाला प्रारंभ करणाऱ्यांसाठी

 हिवताप नियंत्रण हे क्षेत्र एकट्या डॉक्टरांचे नाही. कीटकशास्त्रज्ञ, अभियंते आणि दारोदार जाऊन रक्तनमुने घेणाऱ्या आशाताई, सगळ्यांचेच इथे काम आहे.

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफेलिस डासाच्या मादीवर नजर खिळली ती तेव्हापासून. पण ॲनोफेलिसच्या जाती अनेक, आणि प्रत्येकीची वस्ती निराळी. गडचिरोलीच्या जंगलात फ्लुव्हिॲटिलिस ओढ्यांच्या कडेला, संथ वाहत्या पाण्यात वाढतो. मुंबईचा स्टीफेन्साय विहिरींत आणि गच्चीवरच्या टाक्यांत. एकीकडे लागू पडलेला उपाय दुसरीकडे फसतो, तो यामुळे. मुंबईत डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या हिवतापावरच्या 1911 च्या अहवालात विहिरींवर बोट ठेवले, तेव्हा त्या बुजवायला धार्मिक कारणांवरून विरोध झाला. समाज समजून घेणे हाही या शास्त्राचाच भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

पहिला धडा पाण्याकाठीच घ्यावा. पांढऱ्या पळीने वरचे पाणी अलगद उचलून उजेडात धरा. ॲनोफेलिसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसेल. हिवताप न पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडच्या श्वासनळीने डोके खाली करून तिरकी लोंबकळते. एवढा फरक ओळखता आला की कोणत्या पाण्याची काळजी करायची ते कळते.

घराघरांत डीडीटी फवारून 1960 च्या दशकाच्या मध्यास भारतातले रुग्ण वर्षाला लाखाच्या आसपास आले होते. 1976 मध्ये ते 64 लाखांवर गेले. डास कीटकनाशकाला दाद देईनासे झाले होते आणि देखरेखही सैल पडली होती. त्यात हिवतापाचा व्हायवॅक्स परजीवी यकृतात दडून राहतो; ताप उतरला म्हणून त्याला तिथे मारणाऱ्या प्रायमाक्विनच्या गोळ्या मध्येच सोडल्या, तर महिन्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो. आता पुण्यात तयार होणारी आर21 लसही हाताशी आहे, पण ती फॅल्सिपेरम या दुसऱ्या परजीवीसाठी. व्हायवॅक्सवर तिचा इलाज नाही.

2012 मध्ये स्टीफेन्साय आफ्रिकेत, जिबूतीत आढळला आणि पुढे इथिओपियातही. तिथल्या मोहिमा मुख्यतः रात्री घरात चावणाऱ्या ग्रामीण डासांसाठी आखलेल्या. शहरी टाक्यांतल्या या डासापुढे त्या अपुऱ्या पडतात. टाक्यांची झाकणे, विहिरींची तपासणी आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे यांचा मुंबईतला शंभर वर्षांचा अनुभव आज तिकडे हवा आहे, आणि तो आकड्यांनिशी तपासून मांडणारे अभ्यासक आपल्याला हवे आहेत.