पुसलेल्या फाइलींचा धंदा

1981 साली आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच्या डॉस या कार्यप्रणालीत फाइल पुसण्याची जी सोय होती, तिला पुसणं म्हणणं जरा जास्तच होतं. आज्ञा दिली की डॉस दोनच कामं करायचं. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर उडवून तिथे एक ठरावीक खूण टाकायची, आणि फाइलने व्यापलेली जागा मोकळी झाली अशी नोंद करायची. मजकूर जिथल्या तिथेच. सगळा मजकूर खरोखर खोडत बसायचं तर त्या काळच्या फ्लॉपीवर केवढा वेळ गेला असता! मशीनच्या या कामचुकारपणावर पुढे एक अख्खा धंदा उभा राहिला.

पीटर नॉर्टन हा मोठ्या संगणकांवर काम केलेला अमेरिकन प्रोग्रामर. त्याच्या हातून एकदा चुकून एक फाइल पुसली गेली. ती पुन्हा टाइप करत बसण्याऐवजी त्याने ती परत आणणारा प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव ‘अनइरेज’. 1982 मध्ये तो ‘नॉर्टन युटिलिटीज’ या संचात विक्रीला आला. त्यातली गंमत अशी, की नावातलं पहिलं अक्षर डॉसने कायमचं उडवलेलं असल्यामुळे प्रोग्रामला ते माणसालाच विचारावं लागायचं. ‘बजेट’ हरवलं असेल तर पडद्यावर ‘?जेट’ दिसायचं, आणि ‘ब’ आपण भरायचा. खरी अडचण मात्र पुढे होती. फाइल सुरू कुठून होते आणि लांब किती, एवढंच नोंदीत उरलेलं. मधले तुकडे कुठे आहेत ते गेलेलं. तुकडे ओळीने असले तर फाइल सुखरूप परत, विखुरलेले असले तर अंदाजपंचे. तरीही लोकांनी हा संच भरभरून विकत घेतला. हाताची घडी घातलेला नॉर्टन खोक्यांवर झळकू लागला, 1990 मध्ये त्याने कंपनी सिमँटेकला विकली, आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डॉस 5 मध्ये ‘अनडिलीट’ फुकटात दिलं.

डिस्कच बिघडली तर मात्र प्रोग्राम काय करणार? तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. धुळीचा एक कणही त्या फटीत मावत नाही. ‘टक्-टक्’ असा आवाज येऊ लागला की बहुधा हेडला आपली जागा सापडत नाहीये, आणि तरीही चालू ठेवलेली डिस्क स्वतःचीच तबकडी खरवडू शकते. डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा तोडगा गावोगाव पसरला. कधीमधी तो लागूही पडायचा, पण बाहेर काढल्यावर धरणाऱ्या दवाने तबकडीची वाट लागायची ती वेगळीच. जाणकार मात्र तशाच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिचं हेड काढून बसवत. अमेरिकेत मिनेसोटातली ‘ऑनट्रॅक’ 1980 च्या दशकापासून हेच काम करत आली.

1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया अंतराळयान टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. काही महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात यानातली एक हार्डडिस्क सापडली. चिप जळलेल्या, कडेचं सील वितळून आत माती गेलेली. तिच्यावर झेनॉन वायूच्या घट्टपणाबद्दलच्या प्रयोगाची मोजमापं होती. प्रयोगाची काही माहिती उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर आली होती, बाकीची या डिस्कमध्येच अडकली होती. ऑनट्रॅकच्या जॉन एडवर्ड्सने तबकड्या रसायनाने धुतल्या, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के माहिती वाचून काढली. नशिबाचा भाग असा, की डिस्क डॉसवर चालणारी होती आणि माहिती एका बाजूला सलग लिहिलेली होती. माती लागलेला भाग जवळजवळ रिकामाच निघाला. नॉर्टनच्या प्रोग्रामला हवे असायचे तसे ओळीने लागलेले तुकडे इथे आयते मिळाले. प्रयोगाचा निबंध 2008 मध्ये छापून आला. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच हाती लागलं नाही.

बाहेरून जोडायच्या डिस्क घरोघरी आल्या तेव्हा सुरुवातीला दुरुस्ती सोपी झाल्यासारखी वाटली. आत साधीच डिस्क आणि यूएसबीचा एक छोटा बोर्ड. बोर्ड गेला तर डिस्क बाहेर काढून थेट संगणकाला जोडायची, की काम झालं. मग काही कंपन्यांनी यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या सर्किटवरच डाखलं, काहींनी बोर्डावरच्या चिपमधून सगळा मजकूर सांकेतिक करून लिहायला सुरुवात केली. अशी डिस्क सुटी काढून जोडली तर नुसता गोंधळ वाचायला मिळतो.

त्याहून मोठा घाव घातला तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर साठवणाऱ्या एसएसडीने. 2009 च्या विंडोज 7 पासून फाइल पुसली की संगणक ‘ट्रिम’ नावाची आज्ञा धाडतो, आणि मोकळ्या झालेल्या जागा एसएसडी आपल्या सवडीने खरोखरच रिकाम्या करते. तिथे परत आणायला गेलं तर नुसती शून्यं येतात. म्हणून हल्ली जाणकार दुकानदार फाइल कोणती, कधी गेली हे विचारण्याआधी डिस्क फिरणारी आहे की एसएसडी, ते विचारतो.